युद्धकाळातल्या कवीवरचा माहितीपट: जुनी फीत कशी तपासावी, कुठे वापरावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाची मंडळी अर्ध्या तासाचा माहितीपट करताहेत. विषय आहे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिणारी वऱ्हाडातली माणसं, मुख्यतः कवी अनिल आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. त्यांनी इंटरनेटवरून बरीच जुनी कृष्णधवल दृश्यं उतरवून घेतली आहेत: गांधीजींभोवतीची गर्दी, लाठीमार, आगगाडी, चीनमधले निर्वासित, बॉम्बहल्ले. यातलं खरं किती मानायचं, आणि कवीचं स्वतःचं चलचित्र नसेल तर ही दृश्यं त्याच्या आयुष्यावर लावली तर चालतात का, असं त्यांनी विचारलं आहे.

घोळ फितीत कमी आणि तिच्यावर बसवलेल्या वाक्यात जास्त असतो. १९३० सालच्या दांडीयात्रेचा शॉट हा दांडीयात्रेचा अस्सल शॉटच आहे. त्यावर ‘ऑगस्ट १९४२ मध्ये देश पेटला’ असं निवेदन चढवलं, की तोच शॉट खोटा होतो. म्हणून प्रत्येक शॉटला तीन गोष्टी विचारा: कुठला, कधीचा, आणि कॅमेरा कुणी व कशासाठी लावला होता. तिन्हींची उत्तरं मिळाली तर निवेदन नेमकं लिहा. दोनच मिळाली तर निवेदन तेवढ्यापुरतं आखडा. एकही मिळालं नाही, तर शॉट कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवा.

आधी एक वही किंवा एक्सेलची पाटी करा. शॉटचा क्रमांक, कुठून घेतला, मूळ संग्रहाचं नाव, तिथला क्रमांक, तिथे लिहिलेली तारीख, आपण पडताळलेली तारीख, ठिकाण, आणि शेवटी ‘आपण यावर काय बोलणार’ असे रकाने ठेवा. शेवटचा रकाना भरायचा मंडळी हमखास कंटाळा करतात, आणि पुढे चुका नेमक्या तिथूनच निघतात. तारखेचे दोन रकाने मुद्दाम सांगतोय. वृत्तपटावर जी तारीख असते ती बहुतेक वेळा तो थिएटरात लागला त्याची असते, चित्रण झालं त्याची नव्हे. युद्धाच्या काळात फितीचा डबा बोटीने लंडनला जायचा, सेन्सॉरच्या हाताखालून निघायचा आणि मग पडद्यावर यायचा. यात आठवडे सहज जात. संग्रहात कॅमेरामनने लिहून दिलेला कागद असेल तर तो मागून घ्या. त्यावर दिवस, गाव आणि शॉटांचा क्रम असतो. पडद्यावरच्या निवेदनापेक्षा त्या कागदाला मी जास्त मान देईन.

आता १९४२ कडे या. त्या सालचं ग्रामीण विदर्भाचं चलचित्र शोधण्यात फार दिवस घालवू नका. सरकारची इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही संस्था आणि तिचा इंडियन न्यूज परेड हा वृत्तपट १९४३ चा. सैन्यभरती, युद्धनिधी, कारखाने आणि विजयाच्या बातम्या दाखवणं हे त्यांचं काम. चळवळ दाखवायला ते निघालेच नव्हते. ज्या तुकड्यावर इंडियन न्यूज परेडचं शीर्षक आहे तो ऑगस्ट १९४२ चा असूच शकत नाही, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी बराच कचरा गळून पडेल. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी उपोषण केलं, तर त्या उपोषणाच्या बातम्या छापायलाही सरकारने बंदी घातली होती. जिथे छापील अक्षराला वाट नव्हती तिथे कॅमेरा कुठून पोचणार?

त्यामुळे चिमूर आणि आष्टीच्या प्रसंगावर लोक मुंबईचे लाठीमार लावतात. हे पकडायला फार विद्वत्ता लागत नाही. दोन्हीकडचा उठाव १६ ऑगस्ट १९४२ चा, म्हणजे नागपंचमीच्या सुमाराचा. त्या दिवसांत आपल्याकडे रस्त्यावर चिखल, वावरात गुडघ्याएवढी पऱ्हाटी किंवा बांध्यांत रोवलेलं धान, आणि आभाळ भरलेलं. शॉटमध्ये धूळ उडतेय, पांढरंफटक ऊन आहे आणि मागे तीन मजली इमारत व ट्रामची तार आहे, तर ते चिमूर नाही. चिमूर आणि मूर्तिजापूर यांच्या मुलखांतही गल्लत करू नका, तीही होते. चिमूर चांद्याकडचं, म्हणजे कवेलूची उतरती घरं आणि धानाचा मुलूख. मूर्तिजापूर काळ्या मातीचं, कपाशीचं, धाब्याच्या घरांचं. बंगालमधल्या गवती छपराच्या आणि पाणथळ शेताच्या शॉटवर ‘वऱ्हाडातलं खेडं’ लिहिलेले माहितीपट पाहायला मिळतात. ते पाहून आपल्याकडचा शेतकरी हसतो आणि पुढचं काहीच खरं मानत नाही.

गांधीजींच्या दृश्यांसाठी एक पक्की चाळणी आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे त्यांना अटक झाली आणि ६ मे १९४४ पर्यंत ते पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. मधल्या काळातला म्हणून गर्दीत चालणाऱ्या गांधीजींचा कुठलाही शॉट कुणी दिला, तर तो आधीचा नाहीतर नंतरचा आहे. सेवाग्रामचं चित्रण असेल तर ते १९३६ नंतरचंच, त्याआधी ते तिथे राहायला नव्हते. तिरंगा दिसला तर मध्ये काय आहे ते फ्रेम थांबवून बघा. चरखा असेल तर २२ जुलै १९४७ च्या आधीचा ध्वज असू शकतो. अशोकचक्र असेल तर १९४२ चा विषयच संपला. नकाशा दाखवणार असाल तर त्यावर ‘महाराष्ट्र’ लिहू नका. तेव्हा आपण मध्यप्रांत व वऱ्हाडात होतो आणि राजधानी नागपूर होती. नकाशातली ही चूक दुसऱ्या कुणाच्या नव्हे, आपल्याच हातची असते.

आगगाडीवर सगळ्यात जास्त फसगत होते, कारण वाफेचं इंजिन दिसलं की सगळ्यांना ‘जुनं’ वाटतं. समोर टोकदार नाक आणि त्यावर तारा असलेलं डब्ल्यूपी इंजिन भारतात १९४७ मध्ये आलं. युद्धकाळाच्या शॉटमध्ये ते चालत नाही. डब्यावर मध्य रेल्वेची अक्षरं असतील तर तो शॉट १९५१ नंतरचा. अनिलांच्या लहानपणावर किंवा एकूण मूर्तिजापूरवर शकुंतलेचा, म्हणजे तिथल्या जुन्या नॅरोगेज गाडीचा, शॉट लावायचा मोह होणारच, आणि तो चांगलाही दिसेल. पण शकुंतला १९९४ पर्यंत वाफेवर होती आणि नंतर डिझेलवर गेली. डिझेल इंजिनामागे धावणारे डबे सेपिया रंगात बुडवून १९१० च्या दशकावर लावलेले चालणार नाहीत. त्यापेक्षा आजचं रूळ उखडत आलेलं, गवतात बुडालेलं स्टेशन रंगीतच दाखवा आणि खाली आजची तारीख टाका. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ची. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ चं. म्हणजे १९४२ च्या प्रसंगात रेडिओतून ‘हे नागपूर केंद्र आहे’ असा आवाज टाकला, की जाणकार तिथेच उठून जाईल.

एक बारीक गोष्ट घड्याळाची. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशातली घड्याळं एक तास पुढे होती. अमरावतीकडे सूर्य डोक्यावर यायला आजच्या घड्याळात साधारण सव्वाबारा-साडेबारा होतात, तेव्हा सव्वा-दीड होत असत. चौकातल्या घड्याळाचा शॉट आणि सावल्या जुळत नाहीत म्हणून चांगला शॉट फेकण्याआधी हे आठवा.

आता अनिलांकडे. त्यांचं ‘निर्वासित चिनी मुलास’ हे काव्याचं पुस्तक १९४३ चं. कवी मूर्तिजापूरचा, मूल चीनमधलं. माहितीपटवाल्याला इथे पहिल्यांदा आठवणार तो शांघायच्या स्टेशनवर एकटं बसून रडणाऱ्या बाळाचा शॉट. तो २८ ऑगस्ट १९३७ चा. जपानी विमानांनी शांघायच्या दक्षिण स्टेशनवर बॉम्ब टाकल्यावर एच. एस. वाँग या वृत्तपटाच्या कॅमेरामनने तो टिपला. शॉट अस्सल, ठिकाण आणि तारीख पक्की. अडचण दुसरीकडे आहे. एक, पुस्तक त्यानंतर सहा वर्षांनी आलेलं आहे. हेच चित्र पाहून कवीने लिहिलं असं तुम्ही म्हणालात, तर त्याला कवीच्या स्वतःच्या शब्दांचा, पत्राचा किंवा प्रस्तावनेचा आधार लागेल. नुसती दोन गोष्टी शेजारी ठेवूनही प्रेक्षक तसंच समजतो, म्हणून कॅप्शनमध्ये ‘शांघाय, २८ ऑगस्ट १९३७’ आलंच पाहिजे. दोन, हे चित्र बनाव असल्याचा आरोप तेव्हाच झाला होता. त्याच ठिकाणच्या इतर चौकटींत एक माणूस मुलांना उचलून फलाटावर आणताना दिसतो. म्हणजे मूल जखमी, स्टेशन उद्ध्वस्त हे खरं, पण ‘त्या क्षणी आसपास कुणीही नव्हतं’ असं वाक्य लिहिता येत नाही. ‘बॉम्बहल्ल्यानंतर फलाटावर आणलेलं मूल’ असं लिहा. परिणाम जराही कमी होत नाही.

निर्वासितांचे इतर शॉट घेताना आणखी जपून, कारण तिथे प्रश्न ‘कुणी बेघर केलं’ हा आहे. डोक्यावर गाठोडी घेऊन पाण्यातून चालणाऱ्या चिनी शेतकऱ्यांची जी दृश्यं फिरतात, त्यांतली काही जून १९३८ च्या पीत नदीच्या पुराची असू शकतात. तो पूर निसर्गाने आणला नव्हता आणि जपान्यांनीही आणला नव्हता. जपानी फौज रोखायला चीनच्या राष्ट्रवादी सैन्याने स्वतःच बांध फोडला होता. त्या शॉटवर ‘जपानी आक्रमणाने देशोधडीला लागलेली माणसं’ एवढंच म्हटलं तर अर्धी गोष्ट गिळल्यासारखं होतं. १९४२-४३ चा हेनान प्रांतातला दुष्काळ वेगळा. चुंगकिंगवरचे बॉम्बहल्ले वेगळे. तिन्हींचे शॉट एका माळेत ओवून वर कविता म्हटली की प्रसंग प्रभावी होतो, हे खरं. पण मग त्या मुलाचं दुःख नेमकं कुणी दिलं हे कुठेच उरत नाही, आणि तेच सांगायला तर तुम्ही माहितीपट करताय.

चीनच्या बाबतीत अजून एक खड्डा आहे. अमेरिकन लष्करासाठी फ्रँक काप्राच्या देखरेखीखाली तयार झालेली प्रचारपटांची मालिका आज फुकट मिळते, म्हणून जो तो तिच्यातून कापून घेतो. तिच्यात अस्सल वृत्तचित्रण, शत्रूच्या फिती, अॅनिमेशन आणि कथापटांतले प्रसंगसुद्धा एकत्र शिवलेले आहेत. संकलित चित्रपट हा मूळ पुरावा कधीच नसतो. त्यात एखादा शॉट आवडला तर त्याचं मूळ रीळ कुठलं ते शोधा आणि तिथून घ्या. कथापट पुरावा म्हणून रूढ झाल्याचं जगातलं ठळक उदाहरण म्हणजे पेट्रोग्राडच्या हिवाळी राजवाड्यावरच्या हल्ल्याचं: आइझेनस्टाइनने दहा वर्षांनंतर उभं केलेलं दृश्य कित्येक माहितीपटांत १९१७ चं म्हणून लागलं. आपल्याकडे डॉ. कोटणीसांवर बोलताना शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटातला तुकडा असाच घुसतो. घ्यायचा असेल तर चित्रपटाचं नाव आणि साल पडद्यावर द्या.

मांडून केलेलं चित्रण आणि प्रत्यक्ष चित्रण यांत फरक करायची नजर हवी असेल, तर १९१६ चा सोमच्या लढाईवरचा ब्रिटिश चित्रपट शॉट-शॉट थांबवून बघा. १ जुलैला हॉथॉर्न टेकडीखालचा सुरुंग उडतो तो शॉट अस्सल आहे. शिपाई खंदकातून वर चढतात आणि दोघे कोसळतात, तो गाजलेला शॉट मात्र आघाडीमागे मांडून घेतलेला मानला जातो. खुणा बघा. शिपायांच्या पाठीवर सामान नाही, समोर काटेरी तार नाही, आणि कॅमेरा अशा जागी उभा आहे की खरी लढाई असती तर कॅमेरामन पहिला मेला असता. हा शेवटचा प्रश्न कुठल्याही लढाईच्या शॉटला लावा: कॅमेरा कुणाच्या बाजूला, किती उंचीवर, किती निवांत? पहिल्या महायुद्धातल्या कवींवर काही करणार असाल तर टोपीही बघा. ब्रिटिश शिपायाच्या डोक्यावर लोखंडी टोप सर्रास दिसू लागला तो १९१६ मध्ये. १९१४ च्या प्रसंगात तो आला तर शॉट चुकला.

कवीचं स्वतःचं चलचित्र नसणं ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. जॉर्ज ऑरवेलने १९४१ ते ४३ बीबीसीच्या पूर्व विभागात काम केलं, तरी त्याच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण हाती लागलेलं नाही. तिथला १९४२ चा एक समूहफोटो आहे. त्यात ऑरवेल, टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि आपल्या वेणू चितळेही आहेत. जाणकार दिग्दर्शक त्या एका फोटोवर थांबतो. दुसऱ्याच कुणाचा आवाज त्याखाली सरकवत नाही. अॅन फ्रँक चलचित्रात दिसते ती फक्त काही सेकंद, २२ जुलै १९४१ ला शेजारच्या लग्नाच्या वेळी खिडकीतून वाकून बघताना. तेवढेच सेकंद वापरायचे. तुकडोजी महाराजांना १९४२ मध्ये अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. तुरुंगातलं चलचित्र मिळणार नाही. खंजिरीवर भजन म्हणतानाची जी दृश्यं मिळतील ती स्वातंत्र्यानंतरची असण्याचीच शक्यता जास्त. ती जरूर लावा, पण ज्या सालची आहेत त्या सालच्या प्रसंगावर. तुरुंगवासावर तुरुंगाची भिंत, त्या काळचा कागद, भजनाची छापील प्रत दाखवा. काळी पाटी आणि नुसतं भजन पंधरा सेकंद ठेवलं तरी मोझरीच्या, म्हणजे महाराजांच्या आश्रमाच्या गावच्या, प्रेक्षकाला ते पुरतं.

आवाजाबद्दल थोडक्यात. जुन्या वृत्तचित्रणातले घोषणांचे, गोळ्यांचे आवाज बहुतेक नंतर भरलेले असतात. चर्चिलचं ‘किनाऱ्यांवर लढू’ हे ४ जून १९४० चं भाषण जे ऐकू येतं ते १९४९ मध्ये पुन्हा म्हणून घेतलेलं आहे. ब्रिटिश पार्लमेंटातल्या त्या दिवसाचं मुद्रण झालंच नव्हतं. तुम्ही स्वतः आवाज भरणार असाल तर पाऊलवाट, पाऊस, गर्दीचा गलका इथपर्यंत ठीक. स्पष्ट ऐकू येणारी घोषणा टाकू नका, कारण घोषणा ही पुरावा होते.

तांत्रिक बाजू. मूक चित्रण सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटींच्या वेगाने झालेलं असतं. ते २५ च्या टाइमलाइनवर तसंच टाकलं की माणसं तुरूतुरू धावतात. एका चौकटीला एक चौकट असं स्कॅन असेल, तर १६ साठी क्लिपचा वेग ६४ टक्के आणि १८ साठी ७२ टक्के करा. सॉफ्टवेअरला मधल्या चौकटी ‘तयार’ करू देऊ नका, नुसत्या दुप्पट होऊ द्या. तयार केलेल्या चौकटीत हात विरघळतात, लाठी वाकते. वेग बरोबर आहे का हे माणसाच्या चालीवरून, पडणाऱ्या पाण्यावरून ठरवा. जुनी चौकट जवळपास ४:३ असते. ती १६:९ करायला वर-खाली कापली की चित्राचा चौथा हिस्सा जातो, आणि जातात त्या नेमक्या दुकानाच्या पाट्या व पाय. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या. उलटा छापलेला शॉट ओळखायला पाट्या वाचा, पाट्या नसतील तर सदऱ्याची बटणपट्टी आणि बंदुकीच्या बोल्टची मूठ बघा. थ्री-नॉट-थ्रीची ती मूठ उजव्या बाजूला असते. रंग भरू नका आणि एआयने चेहरे ‘साफ’ करू नका. ते चेहरे मग त्या माणसांचे राहत नाहीत.

गावात कुणाच्या माळ्यावर खरा डबा सापडलाच, तर उत्साहाने प्रोजेक्टरवर चढवू नका. कडेला ‘नायट्रेट’ असं छापलं असेल किंवा ३५ मिमीची १९५० च्या आधीची फीत असेल, तर ती भयंकर ज्वालाग्राही असते, पाण्यानेही विझत नाही. घरात, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा आणि कशी पाठवायची हे त्यांच्याकडूनच विचारा. १६ मिमीची फीत सेफ्टी, म्हणजे सहज पेट न घेणारीच असते, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती कुजायला लागली आहे. वेगळी ठेवा, थंड ठेवा, लवकर स्कॅन करा. १६ मिमीची १०० फूट फीत २४ च्या वेगाने पावणेतीन मिनिटं आणि १६ च्या वेगाने चार मिनिटं दहा सेकंद चालते, म्हणजे डब्यात किती आहे याचा अंदाज येईल. कोडॅकच्या फितीच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्यांवरून कोरी फीत कोणत्या साली बनली ते कळतं. दर २० वर्षांनी तीच खूण परत येते, त्यामुळे १९४२ ची खूण १९२२ आणि १९६२ लाही लागू पडते. चित्रण त्या सालानंतरचं असू शकतं, आधीचं नाही.

कॅप्शन छोटं आणि सरळ ठेवा: ‘मुंबई, ऑगस्ट १९४२’ किंवा ‘प्रातिनिधिक दृश्य, ठिकाण अज्ञात’ किंवा ‘नाट्यरूपांतर’. शॉट सुरू होताच लावा आणि किमान चार सेकंद राहू द्या. दाखवणार देवळासमोर पांढऱ्या चादरीवर, तेव्हा फुल एचडीच्या चौकटीत अक्षर ४८ पिक्सेलपेक्षा बारीक नको. ‘प्रातिनिधिक’ ही सूट अर्ध्या तासात दोन-तीनदा घ्या. दर मिनिटाला घ्यावी लागत असेल तर दृश्यं कमी करून कागद, जागा आणि माणसं दाखवा.

हक्कांचं आत्ताच बघून घ्या. भारतीय कायद्याने चित्रपटाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९४२-४३ च्या वृत्तपटांचा इथला काळ संपला आहे. पण परदेशी संग्रह स्वच्छ प्रत देताना स्वतःचा करार करून घेतो आणि पैसे सेकंदावर मोजतो, तिथे हा युक्तिवाद चालत नाही. साहित्याचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं, तर मुदत २०२८ अखेरपर्यंत. अनिलांचं १९८२ चं, तर २०४२ अखेरपर्यंत. पूर्ण कविता पडद्यावर म्हणणार असाल तर लेखी परवानगीचं पत्र हाती आल्यावरच निवेदनाचं मुद्रण ठरवा. नाहीतर सगळं संकलन कवितेच्या लांबीवर बांधून झालेलं असतं आणि ऐनवेळी तीच काढावी लागते.